मृदू धातूंतील आट्यांची मजबुती

मृदू धातूंतील आट्यांची मजबुती म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, पितळ अशा धातूंत पाडलेले आटे पोलादी बोल्टचा किती ताण सोसतील, याचे हिशेबाने काढलेले अनुमान होय. धातू मृदू असल्यास बोल्ट तुटण्यापूर्वी भोकातील आटेच कापले जातात. कारागीर यालाच ‘आटे गेले’ म्हणतात. तुटलेला बोल्ट बदलता येतो. आटे गेल्यास मात्र संपूर्ण ओतीव भाग निकामी होण्याची भीती असते. म्हणून वेळ आलीच तर बोल्ट तुटावा, आटे टिकावेत, अशा बेताने जोडाची रचना करतात. भंडारा जिल्ह्यात लाखनीजवळ गडेगाव येथे अशोक लेलँडचा गिअरबॉक्स बनविणारा कारखाना आहे. वाहनांच्या गिअरबॉक्सचे कवच वजन कमी राखण्यासाठी अनेकदा अ‍ॅल्युमिनियमचे ओततात. त्यामुळे वाहन उद्योगात हा प्रश्न नित्याचा आहे.

अनुमानाची रीत

भोकातील आटे बोल्टच्या बाह्य व्यासालगत कापले जातात. पाय (३.१४), तो व्यास आणि आटे गुंतलेली लांबी यांच्या गुणाकाराचा सुमारे ७/८ भाग हे प्रत्यक्ष कापले जाणारे क्षेत्र होय. मापांतील सैलपणा लक्षात घेता ३/४ धरणे अधिक सुरक्षित. या क्षेत्राला धातूच्या कर्तन सामर्थ्याने गुणले की आटे कापणारे बल मिळते. कर्तन सामर्थ्य ठाऊक नसेल, तर ते ताण सामर्थ्याच्या सुमारे ०.६ पट धरतात.

उदाहरणार्थ, ८.८ प्रतीच्या ८ मिमी बोल्टचे (पिच १.२५ मिमी) ताणक्षेत्र ३६.६ चौ. मिमी असते व तो सुमारे २९,३०० न्यूटन बलाला तुटतो. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे कर्तन सामर्थ्य दर चौ. मिमीस १०० न्यूटन धरल्यास, गुंतलेल्या लांबीचा प्रत्येक मिलिमीटर सुमारे १,८८५ न्यूटन पेलतो. म्हणजे किमान १५.५ मिमी लांबी हवी. अ‍ॅल्युमिनियमसाठी व्यासाच्या दीड ते दोन पट लांबी ठेवावी, हा कारखान्यांतील ठोकताळा या हिशेबाशी जुळतो.

बारीक आटे अधिक मजबूत, हा समज येथे लागू पडत नाही. वरील हिशेबात पिच येतच नाही. उलट बारीक आट्यांची उंची कमी असल्याने थोड्याशा झिजेनेही त्यांची पकड सुटते. मृदू धातूत म्हणूनच जाड आटे पसंत करतात.

या रीतीत सर्व आटे भार सारखा वाटून घेतात असे गृहीत धरलेले असते. वस्तुतः पहिला आटाच सुमारे एक तृतीयांश भार उचलतो. शिवाय आट्यांना तेल लागलेले असल्यास पाना तेवढ्याच जोराने फिरवूनही बोल्टमध्ये अधिक ताण येतो.

दुरुस्ती

गेलेल्या आट्यांच्या जागी भोक मोठे करून, नवे आटे पाडून, त्यात पोलादी तारेचे वेटोळे बसवतात. बोल्ट पूर्वीच्याच मापाचा राहतो. अ‍ॅल्युमिनियमवरील भार मात्र मोठ्या व्यासावर पसरतो. वारंवार उघडाव्या लागणाऱ्या जोडांत असे वेटोळे मुळातच बसवून ठेवतात.