वेगाचा उपाय वेगळा, राखणीचा वेगळा

हैदराबादच्या तारनाका परिसरात भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पोषण संस्था या दोन नामांकित संशोधन संस्था आहेत. अशा संस्थांतील आकडेमोडीसाठी जगभर पायथन भाषेचा आधार घेतला जातो. ही ‘इंटरप्रिटेड’ भाषा आहे. तिचा प्रोग्राम आधीच यंत्रभाषेत उतरवलेला नसतो. चालताना इंटरप्रिटर एकेक आदेश पार पाडत जातो. म्हणून लेखन सुलभ, पण गती मंद. शिवाय प्रोग्राम दुसऱ्याला देताना बहुधा सोर्स कोडही त्याच्या हाती जातो.

कंपाइल केले की दोन्ही दुखणी बरी होतात, हा समज अर्धाच खरा आहे. पायथन स्वतःहून जी ‘पीवायसी’ फाइल बनवतो, तिच्यामुळे प्रोग्राम लवकर सुरू होतो एवढेच. पुढची चाल तीच राहते. तिच्यातील बाइटकोडवरून मूळ कोडही बऱ्याच अंशी परत मिळवता येतो. कुलूप लावून किल्ली दारातच ठेवावी, तसा हा प्रकार.

वेग हवा असेल तर वेळ कुठे खर्च होतो ते प्रथम मोजावे. पुष्कळदा तो एखाद्या लूपमध्ये जात असतो. ते गणित नमपायकडे सोपवले की सी भाषेत लिहून आधीच कंपाइल केलेला कोड ते करतो. सायथन निवडक भाग सी भाषेत उतरवतो, मात्र व्हेरिएबलचे प्रकार सांगितल्याखेरीज त्याचा मोठा लाभ मिळत नाही. मूळ पायथनही 2022 च्या 3.11 आवृत्तीत सरासरी 25 टक्के वेगवान झाला.

सायथनची तयार फाइल उलगडणे कठीण असते, अशक्य नव्हे. कोडमधील नावे विद्रूप करणारी साधने चोरापेक्षा दुरुस्ती करणाऱ्यालाच अधिक छळतात. खरोखर गुप्त असलेली पद्धत आपल्या सर्व्हरवर ठेवावी आणि ग्राहकाला केवळ उत्तर पाठवावे, हेच श्रेयस्कर.

उरतो कायदा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती ठरते. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 65 मध्ये सोर्स कोडशी जाणूनबुजून छेडछाड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. मोबाइल संचातील ओळख क्रमांक बदलल्याच्या प्रकरणात हैदराबाद येथील तत्कालीन आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने 2005 मध्ये या कलमाखालील कारवाई रद्द करण्यास नकार दिला होता. तथापि, जो कोड कायद्यानुसार जतन करायचा असतो, त्यालाच हे कलम लागते. पणजीतील एखाद्या छोट्या कंपनीने ग्राहकाला दिलेला हिशेबाचा प्रोग्राम त्यात आपोआप बसत नाही. तिची भिस्त कॉपीराइटवर आणि ग्राहकाशी केलेल्या लेखी करारावरच राहते.