चुलीच्या धुराड्यात साचणारं 'क्रिओसोट' म्हणजे काय?

नाशिकमध्ये चुलीवरच्या मिसळीसाठी रविवारी रांगा लागतात. पण रश्श्याला उकळी आणणाऱ्या चुलीचं धुराडं आतून कधी पाहिलंय? काजळी झटकली की निघते. तिच्याखाली डांबरासारखा चिकटून बसतो तो थर म्हणजे क्रिओसोट. ठिणगी मिळाली की तो पेटतो.

लाकूड अर्धवट जळालं की धुरात डांबर आणि वाफ उरते. धुराड्यात हा धूर साधारण 120 अंश सेल्सिअसच्या खाली आला की ते भिंतीवर साचतं. खरा गुन्हेगार ओलं सरपण. ताज्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाणीच असतं; ते आटवण्यातच उष्णता जाते आणि चूल धुमसत राहते. ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षकाड्याही म्हणूनच लगेच चुलीत घालू नयेत. सरपण फोडून, पावसापासून झाकून, ओल 20 टक्क्यांखाली येईपर्यंत वाळवावं. दोन लाकडं एकमेकांवर आपटून खणखणीत आवाज आला, तर वाळलंय समजा.

थर 3 मिलिमीटरचा झाला की तारेच्या ब्रशने खरवडायचा. धुराडं पेटलंच तर आत पाणी ओतू नका, तापलेलं धुराडं तडकतं. सगळ्यांना बाहेर काढा आणि 101 वर फोन करा.