हुकुमामागचे कारण

हल्ली कंपन्यांमधून नव्या माणसांना 'कम्युनिकेशन स्किल्स' शिकवतात. आमच्या नात्यागोत्यातल्या बऱ्याच मुलामुलींनी ही दोन-तीन दिवसांची शिबिरे केली आहेत. ईमेल कशी लिहावी, साहेबांना काय कळवावे, हाताखालच्या माणसाला काम कसे सांगावे, मीटिंगमध्ये केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प बसावे, असे बरेच काही तिथे सांगतात म्हणे. चांगलेच आहे. पण ही विद्या कॉम्प्युटरबरोबर विलायतेतून आली असा जो समज दिसतो, तो काही खरा नाही. कचेरीतले लिहिणे-सांगणे सुधारण्याची खटपट आपल्या मराठीत कितीतरी शतके चालू आहे. त्या खटपटीत काय साधले आणि काय निसटले, ते आज थोडक्यात लिहिते.

सुरुवात हेमाडपंतापासून करावी लागते. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री. देवळे, बाजरी, मोडी लिपी असे बरेच काही परंपरेने त्याच्या नावावर घातले आहे. त्यातले किती खरे हा वाद विद्वानांचा. पण 'मेस्तक' नावाचे एक टाचणही त्याच्याच नावावर सांगतात. त्यात कारकुनाने लिहावे कसे आणि कोणाला कोणता मायना घालावा याचे नियम आहेत. पुढे अशा नियमांना 'लेखनप्रशस्ती' म्हणू लागले. वडिलांना कसे लिहावे, गुरूला कसे, बरोबरीच्याला कसे, चाकराला कसे, हे सगळे ठरलेले. मायना चुकला तर माणसे रुसत. ते फार झाले असे आज वाटेल, पण लिहायला बसल्यावर पहिला प्रश्न 'हे वाचणार कोण?' हाच असला पाहिजे, एवढी गोष्ट त्यातून कारकुनाच्या अंगी मुरत असे.

जुने पत्र उघडून पाहिले की त्याची बांधणीही ध्यानात येते. मोडीत बोरू फारसा न उचलता सलग लिहायचे. शब्द तोडलेले नाहीत, पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. मग वाचणाऱ्याला विषय कुठे बदलला ते कळावे कसे? तर ठरावीक शब्दांनी. आधी मायना. मग तुमचे पत्र पोचले, त्यात तुम्ही अमुक अमुक लिहिले, असा आलेल्या पत्राचा गोषवारा. मग 'तरी' किंवा 'ऐसियास' म्हणून आपले उत्तर. शेवटी 'जाणिजे' किंवा 'बहुत काय लिहिणे'. त्यानंतर मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे आहेत. मजकुराची मर्यादा इथे झाली, याखाली कोणी ओळ घुसडू नये, असा त्याचा उपयोग. आधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे आणि मग उत्तर द्यायचे, ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. निम्मी भांडणे समोरच्याचे न वाचता उत्तर दिल्यामुळे होतात.

आता शब्दांकडे येऊ. बहमनी राज्यापासून पुढे सुलतानी अमलात दरबाराची भाषा फारसी, त्यामुळे मराठी कागदही फारसी शब्दांनी भरून गेले होते. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' तयार करवला. रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे हे काम सोपवले होते आणि त्यात धुंडिराज व्यास यांचाही हात होता. राज्यकारभारातल्या सुमारे चौदाशे यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यांची मांडणी दहा वर्गांत केली. त्यात दुर्गवर्ग आहे, शस्त्रवर्ग आहे, तसा खास लिहिण्याच्या कामाचा लेखनवर्गही आहे. राज्य नवे तर त्याची कचेरीही नव्या बोलीने बोलली पाहिजे, हा विचार त्या काळात कोणाला सुचावा याचेच कौतुक वाटते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुने कागद घेऊन त्यातले शब्द अक्षरशः मोजले होते. शहाजीराजांच्या काळापासून शाहू छत्रपतींच्या काळापर्यंत फारसीचे प्रमाण कसे उतरत गेले ते त्यांनी दाखवून दिले.

तरीही गंमत बघा. अर्ज, हुकूम, दफ्तर, कागद, तारीख, हजर, मंजूर, जबाब, तक्रार, जमा, खर्च, वसूल, बाकी हे सगळे शब्द तिकडचेच, आणि आजही आपल्या तोंडात आहेत. चिटणीस, फडणीस, पोतनीस ही आडनावेसुद्धा. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. कोशाने पुष्कळ शब्द बदलले, पण जे शब्द चुलीपर्यंत जाऊन पोचले होते ते कोणालाही हलवता आले नाहीत. माणसे ज्या शब्दाने कामे उरकतात तो शब्द त्यांचाच होऊन बसतो.

खुद्द महाराजांच्या कचेरीलाही हे ठाऊक असावे. त्याचा दाखला म्हणजे चिपळूणजवळच्या हलवर्णच्या पागेवरील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना १६७० च्या दशकात गेलेले प्रसिद्ध पत्र. इतिहासाच्या तासाला आपण सगळ्यांनी त्याबद्दल ऐकलेले असते, ते रयतेच्या भाजीपाल्याला हात लावू नका एवढ्यापुरते. सबंध पत्र एकदा तरी वाचावे. कामाच्या ठिकाणी कसे सांगावे याचा तो नमुना आहे.

प्रसंग असा. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा लष्कराच्या मुक्कामामुळे बराचसा संपून गेला होता. कारकुनांकडून आणि गडागडांवरून गोळा करून कशीबशी पागेची बेगमी केली होती. हुकूम देऊन मोकळे व्हायचे तर 'दाणा-वैरण जपून वापरावी, रयतेस उपद्रव देऊ नये, विस्तवाची खबरदारी घ्यावी' एवढे तीन ओळींत उरकले असते. पत्रात तसे नाही. आधी परिस्थिती सांगितली आहे. मग एकामागून एक काय काय होईल ते उलगडले आहे. आता मनमुराद चाराल, तर भर पावसात काही मिळणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही मुलखाला त्रास द्याल. कोणी कुणब्याकडून दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटी. जे कुणबी कसेबसे जीव धरून राहिले आहेत तेही निघून जातील. त्यांना वाटेल की मोगल आले त्यापेक्षाही हे वाईट. म्हणून ज्याला जे हवे ते त्याने बाजारात जाऊन विकत आणावे, त्यासाठी खजिन्यातून प्रत्येकाच्या पदरी पैसे घातलेच आहेत.

विस्तवाचेही तसेच. कोणी गवताजवळ शेकोटी करील, कोणी भलत्या जागी चूल मांडील, कोणी तंबाखूला विस्तव घेईल. वारा सुटला आहे, गवत पडले आहे, हे ध्यानात आले नाही तर एका खणाची आग सगळ्या खणांना लागेल. मग कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना कितीही ताकीद दिली तरी नवा खण उभारायला एक लाकूड मिळणार नाही. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, हेसुद्धा सांगितले आहे.

छत्रपतीच्या पत्रात उंदीर! मला या पत्रातले हेच सर्वांत मोठे वाटते. लिहिणाऱ्याने त्या पागेत मनाने फेरी मारली आहे. रात्र झाली आहे, माणसे थकली आहेत, दिवा कोणी मालवलेला नाही, हे त्याला दिसते. पागेतल्या बहुतेकांना वाचता येत नसणार, कारकून मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणून वाक्ये बोलल्यासारखी आहेत. आणि फारसी शब्दही भरपूर आहेत, कारण ऐकणाऱ्यांच्या कानाला तेच सवयीचे. ज्या राज्यात कोश तयार झाला त्याच राज्यातले हे पत्र. शब्द शुद्ध असावेत ही हौस एकीकडे, पण घोडी वाचवायची असतील तेव्हा कळण्याला पहिला मान.

हीच रीत 'आज्ञापत्रा'तही दिसते. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास लिहिलेला हा राजनीतीचा ग्रंथ. आरमारासाठी लाकूड लागते, पण रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नका, असे त्यात सांगितले आहे. तिथेही कारण आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, तोडल्यावर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही. झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावे. ज्याने हा हुकूम वाचला त्याला, पुढे न सांगितलेल्या प्रसंगी काय करावे हेही आपोआप कळले असेल. नुसता हुकूम तेवढ्या कामापुरता चालतो. कारण कळले तर माणूस आपल्या डोक्याने पुढचे काम करतो.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि मुख्य मसुदा इंग्रजीत, मराठीत त्याचे भाषांतर, असा क्रम सुरू झाला. याचे फायदेही झाले. मोल्सवर्थचा मोठा कोश १८३१ मध्ये आला. सरकारी भाषांतराचे काम पाहणाऱ्या मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने मराठीत विरामचिन्हे रुळली. मजकूर नीट वाचता येऊ लागला. पण भाषांतराच्या वाटेने एक खोडही शिरली असावी, असे मला वाटते. 'करावे', 'करणे' जाऊन 'करण्यात यावे' आले. 'आम्ही ठरवले' जाऊन 'असे ठरविण्यात आले आहे' आले. कोणी ठरवले, का ठरवले, हे वाक्यातून नाहीसे झाले.

पुढे पुन्हा कोशांचे युग आले. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' करवून घेतला. १९३१ च्या त्या कोशात कारभारातल्या इंग्रजी शब्दांना अनेक भारतीय भाषांतले प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. सावरकरांनी दिनांक, क्रमांक, महापौर, अर्थसंकल्प असे शब्द दिले आणि ते छान रुजले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले. १९६२ मध्ये 'पदनाम कोश' आला, तेव्हा लोकांनी त्याची 'बदनाम कोश' म्हणून थट्टा केली. मला ती थट्टा थोडी अन्यायाची वाटते. सचिव, संचालक, अधीक्षक हे शब्द आज सहज तोंडी आहेत. १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, १९७३ मध्ये 'शासन व्यवहार कोश' आला. ही सगळी कामे मोलाची आहेत. इंग्रजीचे शब्द जाऊन मराठीचे शब्द आले. पण वाक्य मात्र तेच राहिले, कर्ता नसलेले आणि कारण नसलेले.

एक उदाहरण सांगते. आमच्या ओळखीतल्या एका बाई पतीच्या मागे मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी खेपा घालत होत्या. एक दिवस हातात कचेरीचे पत्र घेऊन आल्या. 'उपरोक्त विषयान्वये सादर प्रस्तावातील त्रुटींची पूर्तता करून प्रस्ताव फेरसादर करण्यात यावा.' संपले. भाषा निर्दोष मराठी, एकही इंग्रजी शब्द नाही. त्रुटी कोणती, ते कुठेच नाही. बाई चौथी शिकलेल्या. त्यांना 'त्रुटी' म्हणजे आपल्यावर काही ठपका आला असे वाटले आणि त्या रडू लागल्या. कचेरीत जाऊन विचारल्यावर कळले, एका दाखल्यावर पतीचे नाव थोडे वेगळे पडले होते. 'दाखल्यावरचे नाव आणि सेवापुस्तकातले नाव जुळत नाही, दुरुस्त दाखला आणावा', एवढे लिहायला किती शाई लागली असती? बाईंचे पाच महिने त्यात गेले.

म्हणून मला २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे मोल फार वाटते. अर्ज करून माहिती मागता येते, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात आणखी एक गोष्ट आहे. ज्या माणसावर प्रशासनाच्या निर्णयाचा परिणाम होतो, त्याला त्या निर्णयाची कारणे दिली पाहिजेत. अर्ज न करताही. म्हणजे चिपळूणच्या पागेला जे मिळाले होते, ते आता कायद्याने प्रत्येकाला मिळायला हवे. कायदा झाला म्हणून लिहिण्याची सवय एका दिवसात बदलत नाही, हे खरे. ती एकेका टेबलावर, एकेका पत्रातच बदलेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा द्यायचे ठरवले. आनंद झाला. मराठीच्या जुनेपणाचा अभिमान बाळगायचा तर लेणी-शिलालेखांबरोबर ते पागेचे पत्रही जवळ ठेवावे. कचेरीत असाल, शाळेत असाल, बँकेत किंवा कंपनीत, हाताखालच्या माणसाला काही लिहून कळवायची वेळ आली की आधी त्या माणसाच्या जागी जाऊन उभे राहा. त्याला काय ठाऊक नाही ते बघा. 'हे करा' याच्यापुढे एक 'कारण' जोडा. आणि पाठवण्यापूर्वी आजूबाजूला एखादा उंदीर दिसतो का तेही पाहा.

असो. बहुत काय लिहिणे.