दगड वाहिलेल्यांचा गड

फाल्गुनात नगरजवळचं भिंगार ओलांडून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं, की गाड्यांची जात बदललेली दिसते. जीपच्या टपावर आडव्या बांधलेल्या लांबलचक काठ्या, त्यांच्या शेंड्यांना फडकी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायकापोरं आणि चुलीचं सामान. त्यातच एखादा टेम्पो असा, की फळ्यांवरून फक्त कान दिसतात. दहा-बारा जोड्या, सगळे मागे वळलेले. ही मंडळीही यात्रेलाच निघालेली असतात. मुक्काम एकच : करंजीचा घाट आणि तिसगाव मागे टाकल्यावर येणारी मढी, कानिफनाथांचा गड.

देवाच्या यात्रेत बैलबाजार भरणं महाराष्ट्राला नवं नाही. गाढवांचा बाजार भरतो तो मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी. पौष पौर्णिमेला जेजुरीत आणि रंगपंचमीच्या सुमाराला मढीत. एरवी मराठी माणसाने गाढवाला कुठे मान दिला आहे? त्याला गुळाची चव कळत नाही असं आपणच ठरवलं, वैऱ्याच्या गावावर फिरवायला त्याच्याच गळ्यात नांगर अडकवला, आणि शिलाहार-यादवांच्या काळातल्या दानलेखांवर शाप कोरायचा तर चित्र त्याचंच काढलं. त्या दगडांना गधेगाळ म्हणतात. मग नाथांच्या पायथ्याशी त्याला जागा कुणी दिली?

या प्रश्नाचं जे उत्तर मढीत सांगतात, त्याची सुरुवात भिंगारमध्ये होते.

जानेवारी १७०६ मध्ये औरंगजेब दक्खनच्या मोहिमा आटोपून थकलेल्या फौजेसह अहमदनगरला येऊन थांबला. छावणी भिंगारच्या परिसरात पडली. बादशहाची छावणी म्हणजे चालतं शहरच. हत्ती, उंट, बाजारपेठा, कारखाने आणि त्या सगळ्यांच्या मधोमध कनातींनी वेढलेली शाही जागा. तिथे सतरा वर्षांपासून कैदेत असलेली दोन माणसं होती. संभाजी महाराजांच्या राणी येसूबाई आणि त्यांचा मुलगा शाहू. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा सात वर्षांचा असलेला शाहू आता पंचविशीला टेकला होता. ३ मार्च १७०७ रोजी बादशहा इथेच वारला. देह खुलदाबादला गेला. ज्या जागी त्याला अखेरची आंघोळ घातली असं म्हणतात, ती भिंगारची जागा आजही ‘आलमगीर’ याच नावाने ओळखली जाते.

मढीची दंतकथा या छावणीतून वाट काढते. येसूबाईंच्या कानावर गर्भगिरीच्या डोंगरातल्या कान्होबाची, म्हणजे कानिफनाथांची, कीर्ती गेली, त्यांनी नवस बोलला, ‘लेकरू सुटलं तर गडावर देऊळ बांधीन.’ गडावर कानिफनाथांची शिष्या डाळीबाई हिच्या समाधीजवळ डाळिंबाचं झाड आहे. तिथे नाडा बांधून नवस बोलायची रीत येसूबाईंपासून पडली, असं सांगतात. पुढच्या गोष्टीला इतिहासाचा आधार आहे. १७०७ च्याच मे महिन्यात आझमशहाने भोपाळजवळच्या दोराह्याच्या मुक्कामावरून शाहूला सोडलं, आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात त्याचा राज्याभिषेक झाला.

तारखा मांडल्या की गोष्टीतला एक चटका लावणारा भाग उघडा पडतो. लेक सुटला, पण नवस बोलणारी आई सुटली नाही. येसूबाई ओलीस म्हणून मोगलांकडेच राहिल्या आणि १७१९ साली साताऱ्याला परतल्या. म्हणजे नवस खरा मानला, तरी तो फेडण्याचं काम त्यांच्या देखरेखीखाली लगेच सुरू होणं शक्यच नव्हतं. गडावरच्या परंपरेतही बांधकामाचं श्रेय सरदारांना जातं, विशेषतः पिलाजी गायकवाडांना. बडोद्याच्या गायकवाड घराण्याचा पाया घालणारे हे पिलाजी १७३२ मध्ये डाकोरला मारले गेले. दंतकथेला जोडून पाहिलं तर काम अठराव्या शतकाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातलं ठरतं.

आणि दगड? तो गडावर चढवला कुणी?

मढीचा गड फार उंच नाही, पण उभा आहे. खाली बारव खणायची, वर तटासारख्या भिंती, दरवाजे, ओवऱ्या उभ्या करायच्या, म्हणजे दगड, चुना, वाळू आणि पाणी हे सगळं वर न्यायचं. बैलगाडीला रुंद वाट लागते, बैलाला पायऱ्या जमत नाहीत. गाढवाला ना रुंद वाट लागते, ना पायऱ्यांची अडचण होते. पाठीवर आडवी गोणी टाकली, दोन्ही अंगांना वजन सारखं केलं, की ते वीतभर वाटेनेही वर जातं. दोन-चार खेपांत वाट ओळखीची झाली की पुढे ओढायला माणूस लागत नाही. मागून एका पोराने हाकारलं तरी दहा गाढवांची रांग वर पोचते आणि रिकामी होऊन खाली येते. किल्ले, बारवा, घाट, धरणाचे बांध या सगळ्या कामांमागे अशा रांगा होत्या. शिलालेखात त्यांना जागा मिळाली नाही, एवढंच.

ही रांग ज्यांची, ती माणसं गावात घर नसलेली. बेलदार दगड घडवायचे, वडार फोडायचे, कैकाडी टोपल्या-कणग्या विणायचे आणि गाढवं बाळगायचे. गोपाळ अंगमेहनतीचे खेळ करायचे. अवजड दगड उचलून दाखवणं हा त्यांचा रोजचाच धंदा. परंपरा सांगते, की गडाच्या बांधकामाला अशा अठरापगड भटक्या जमाती राबल्या आणि काम संपल्यावर प्रत्येकीला मोबदल्यात पैशाशिवाय आणखी एक गोष्ट मिळाली : मान.

मढीच्या यात्रेची सगळी रचना या मानांवर उभी आहे. सर्वांत जड दगड गोपाळांनी चढवले, म्हणून होळी पेटवण्याचा मान त्यांचा. यात्रेत काठी नेण्याचा मान कैकाड्यांचा. काठी म्हणजे दुकानातून आणलेला झेंडा नव्हे. सरळ वाढलेला उंच वेळू निवडायचा, कापडाच्या पट्ट्यांनी गुंडाळायचा, शेंड्याला मोरपिसं आणि निशाण बांधायचं, आणि वाजतगाजत गडावर नेऊन तिचं टोक देवळाच्या कळसाला टेकवायचं. याला ‘कळसाला काठीची भेट’ म्हणतात. खालून दोघेचौघे वेळू पेलत असतात, वाऱ्याने शेंडा डोलत असतो, टोक कळसापासून हातभर लांब जातं, पुन्हा येतं. टेकलं की खाली एकच गजर होतो आणि रेवड्या उधळल्या जातात. मढीचा प्रसाद रेवडीचा.

मानाची गोष्ट आली की भांडणही येतं. गोपाळांच्या गटांत होळीच्या मानावरून इतके वाद झाले, की होळी पोलिसांच्या बंदोबस्तात पेटवायची पाळी आली. दोन-तीनशे वर्षांपूर्वी उचललेल्या दगडाच्या मजुरीवरून आजही माणसं इरेला पेटतात, म्हणजे तो दगड त्यांच्या लेखी काय आहे हे कळतं.

गावकऱ्यांची तयारी महिनाभर आधीच सुरू झालेली असते. समाधीला तेल लावायचा विधी झाला, की मढीच्या घरांत कढई चढत नाही. तळण बंद, शेतीची कामं बंद, लग्नकार्य बंद. पलंग-बाजेवर झोपायचं नाही, दाढी-कटिंग करायची नाही. यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते. रंगपंचमी हा कानिफनाथांच्या समाधीचा दिवस, तेव्हा गर्दीचा कळस.

खुद्द नाथांची जन्मकथा मात्र नगरपासून फार दूरची. धुंडीसुत मालूने शके १७४१ मध्ये पूर्ण केलेल्या ‘नवनाथ भक्तिसारा’त कानिफा हिमालयात हत्तीच्या कानातून प्रकटतो, नावाचा उलगडाही तोच. त्याचे गुरू जालिंदरनाथ. त्याच ग्रंथातल्या आणखी एका कथेत मच्छिंद्रनाथांच्या झोळीतली सोन्याची वीट गोरक्षनाथ भिरकावून देतो आणि गुरू हळहळला तेव्हा अख्खा डोंगरच सोन्याचा करून दाखवतो. तो डोंगर म्हणजे गर्भगिरी. भिंगारच्या उत्तरेला डोंगरगणजवळ गोरक्षनाथांचा गड, सावरगावला मच्छिंद्रनाथ, मधे वृद्धेश्वर. साठ-सत्तर किलोमीटरच्या रांगेत नाथांचं गणगोत वस्तीला आहे. सोन्याच्या डोंगरावर मुरूम वाहणाऱ्यांची यात्रा भरावी, हा योगायोग गमतीचा.

नावांच्या बाबतीतही हा गड मोकळा राहिला. १८८४ च्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये त्याची नोंद दोन नावांनी सापडते : शहा रमजान माहीसवार आणि कान्होबा. माहीसवार म्हणजे मासोळीवर स्वार झालेला. हिंदू-मुसलमान दोघंही इथे नवस बोलतात, असं त्या वेळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं.

भटक्यांनी मढीला आपली पंढरी मानलं त्यामागे श्रद्धेइतकीच सोयही होती. वर्षभर पांगलेल्या माणसांना एकमेकांचा पत्ता ठाऊक नसे. मढी हाच पत्ता. सोयरिकी इथे जमत, उसनवारी इथे फिटे, आणि जातपंचायती इथेच बसत. या पंचायतींचा न्याय नेहमीच न्याय असायचा असं नाही. दंड, वाळीत टाकणं, बायकांच्या वाट्याला येणाऱ्या क्रूर परीक्षा, हे सगळं पंचांच्या तोंडी कायद्यात होतं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि कैकाड्यांसारख्या जमातींच्या कपाळावर शिक्का मारला. तो १९५२ मध्ये पुसला गेला, पण गावकुसाबाहेरच्यांना कोर्टकचेरीचा भरवसा वाटायला आणखी पिढ्या लागल्या. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा मंजूर केला, तेव्हापासून पंचांच्या बैठकीला उघड बसणं अवघड झालं.

बाजार मात्र उघड्यावरच भरतो. मोकळ्या रानात दाव्याने पाय बांधलेली गाढवं रांगेत उभी. गिऱ्हाईक आधी खूर पाहतं, मग पाठीवर तळवा दाबतं. पाठ आखडली तर जुनी जखम आहे असं समजायचं. शेवटी ओठ वर करून दात. दोन दातांचं, चार दातांचं, त्यावर वय आणि वयावर किंमत. गावरान जनावर बुटकं, करड्या रंगाचं. काठेवाडी उंच, पांढरं आणि भारी किमतीचं. घेणारे बहुतेक वीटभट्टीवाले, वाळू-मुरमाची कामं करणारे.

गिऱ्हाईक रोडावत चाललं आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वातीन लाखांच्या आसपास गाढवं होती, २०१९ मध्ये ती सव्वा लाखाच्या आत आली. वीटभट्टीवर ट्रॅक्टर आला, वाळू डंपरने जाऊ लागली. तरीही जिथे चाक पोचत नाही तिथे बोलावणं गाढवालाच येतं. गड-किल्ल्यांच्या डागडुजीला चुना-वाळू अजूनही त्याच्याच पाठीवरून वर चढते.

सौदा झाला की पाठीवर गुलालाची चिमूट पडते आणि जनावर टेम्पोपाशी आणलं जातं. फळी लावतात, पुढून एकजण कान धरतो, मागून दोघे रेटतात. उभा गड हसत चढणारं गाढव ती चार फुटांची फळी चढायला काही केल्या तयार होत नाही. अखेर चौघे मिळून उचलतात, फळ्या अडकवतात, आणि करंजीच्या घाटाकडे निघालेल्या टेम्पोतून पुन्हा फक्त कान दिसू लागतात. या वेळी पुढे वळलेले.