ॲप बनवण्याआधी ते कुणी विकत घेईल का, हे कसं तपासतात?

खासगी क्लासची फी, थकलेले हप्ते, पालकांना जाणारे रिमाइंडर, हे सगळं एकाच ॲपमध्ये आलं तर? अशी एखादी कल्पना सुचते, मित्र 'भारी आहे' म्हणतात आणि काम सुरू होतं. डेव्हलपरला ॲडव्हान्स जातो, सहा महिन्यांचे शनिवार-रविवार जातात. ॲप तयार झाल्यावर क्लासवाले सर म्हणतात, "छान आहे, पण आमची वहीच बरी."

ही वेळ येऊ नये म्हणून अनेक छोटे सॉफ्टवेअर व्यावसायिक आधी मागणी तपासतात आणि मग कोड लिहायला घेतात. याचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे 'बफर'.

दोन पानांची वेबसाइट

२०१० मध्ये इंग्लंडमधल्या जोएल गॅस्कोइन यांना एक कल्पना सुचली. ट्विट आधीच लिहून ठेवायचे आणि ते ठरलेल्या वेळी आपोआप पोस्ट व्हायचे. त्यांनी ॲप बनवलं नाही, फक्त दोन पानं बनवली. पहिल्या पानावर कल्पनेची माहिती आणि 'प्लॅन व किंमत' असं बटण. ते दाबलं की दुसरं पान उघडायचं: आम्ही अजून तयार नाही, ईमेल देऊन ठेवा. लिंक ट्विटरवर टाकली. काहींनी ईमेल दिले आणि गॅस्कोइन यांनी त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली.

पण ईमेल द्यायला पैसे लागत नाहीत. म्हणून त्यांनी मध्ये आणखी एक पान घातलं. त्यावर तीन प्लॅन होते: मोफत, महिना ५ डॉलर आणि महिना २० डॉलर. काही जणांनी पैशांचे प्लॅन निवडले, तेव्हा कुठे त्यांनी ॲप बनवायला घेतलं. ३० नोव्हेंबर २०१० ला बफर सुरू झालं आणि चार दिवसांत पैसे देणारा पहिला ग्राहक मिळाला.

यातलं तिसरं पान महत्त्वाचं. लोकांना कल्पना आवडते की नाही हे पहिल्या दोन पानांनी सांगितलं. किंमत समोर असतानाही ते पुढे जातात का, हे तिसऱ्याने.

'ड्रॉपबॉक्स'चं उदाहरणही नेहमी दिलं जातं. २००८ मध्ये, सेवा सर्वांसाठी खुली होण्याआधी, ड्रू ह्यूस्टन यांनी ती कशी चालते हे दाखवणारा छोटा व्हिडिओ टाकला आणि प्रतीक्षा यादी एका रात्रीत ५ हजारांवरून ७५ हजारांवर गेली. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण ती फक्त नावं होती, पैसे नव्हते. छोट्या व्यवसायाने बफरकडून शिकावं.

विचारायचं काय?

"असं ॲप आलं तर वापराल का?" या प्रश्नाला आपल्याकडे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. रॉब फिट्झपॅट्रिक यांच्या 'द मॉम टेस्ट' या पुस्तकाचा मुद्दा हाच आहे: कल्पनेबद्दल मत विचारू नका, समोरच्याने आजवर काय केलं ते विचारा. गेल्या महिन्यात किती जणांची फी थकली? ती कशी वसूल केली? त्यासाठी आधी एखादं सॉफ्टवेअर घेऊन पाहिलं का? "नाही, कधी शोधलंच नाही," असं दहापैकी आठ जण म्हणाले तर अडचण त्यांना तितकी टोचत नाही, असं समजायला हरकत नाही.

हाताने करून पाहा

बहुतेक वेळा वेबसाइटचीही गरज नसते. ओळखीबाहेरचे पाच क्लास गाठायचे (नातेवाईक नकोत, ते भिडेखातर पैसे देतात). त्यांचा हिशोब गूगल शीटमध्ये ठेवायचा, रिमाइंडर व्हॉट्सॲपवर स्वतः टाइप करून पाठवायचे आणि महिन्याचे ३०० रुपये आधीच यूपीआयने घ्यायचे. सध्या हे काम माणूस करतोय, ॲप नंतर येईल आणि काम आवडलं नाही तर पैसे परत मिळतील, हे स्पष्ट सांगायचं.

किती जणांनी पैसे दिले तर पुढे जायचं, हा आकडा सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवलेला बरा. नंतर ठरवला की दोन ग्राहकसुद्धा 'चांगला प्रतिसाद' वाटू लागतात.

खरी परीक्षा दुसऱ्या महिन्यात असते. कुतूहलापोटी एकदा पैसे देणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्या महिन्यात रिमाइंडर एक दिवस उशिरा गेला आणि "अहो, आज मेसेज का नाही गेले?" असा सरांचा फोन आला, तर डेव्हलपरशी बोलायला हरकत नाही.