फुलोऱ्याचे शब्द

मंडळी, चैत्राच्या सुमारास जपानातली माणसे एका फुलासाठी कामधाम बाजूला ठेवून झाडाखाली जाऊन बसतात. फूल साकुराचे. ते पाहायला जाणे म्हणजे 'हानामी'. वाऱ्याने पाकळ्या उधळल्या की 'हानाफुबुकी', म्हणजे फुलांचे हिमवादळ. पाण्यावरून पाकळ्यांचा थर वाहू लागला की 'हानाइकादा', फुलांचा तराफा. हा थाट मात्र पहिल्यापासूनचा नव्हे. आठव्या शतकातल्या 'मान्योशू' या काव्यसंग्रहात साकुरापेक्षा चीनमधून आलेल्या 'उमे'ची कवने अधिक आहेत. सन 905 च्या सुमाराच्या 'कोकिनशू'त साकुराने बाजी मारली. पुढे कवितेत नुसते 'फूल' म्हटले तरी साकुराच समजू लागले.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे असे कुठे? बेल्ह्याच्या बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याला विचारा की! तो नुसते 'फुललं' म्हणायचा नाही. आंब्याला मोहोर येतो, उसाला तुरा, कपाशीला पाते लागते. बाजरी आधी पोटरीला येते, मग निसवते, मग फुलोऱ्यात. डाळिंबवाला तर आंबेबहार, मृगबहार, हस्तबहार अशी वर्षाची वाटणीच करतो. यातला 'बहार' फारसी, मूळ अर्थ वसंत. पण मृग नि हस्त ही आपली पावसाची नक्षत्रे! परक्या वसंताला आपण पावसाळ्यात नेऊन बसवले, आणि कुणाला ते खटकतही नाही.

फुले निरखण्याची हौसही आपल्याला नवी नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचे शिलालेख आहेत. त्याच कुळातल्या हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' आहे, मराठीच्या पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यातल्या एका गाथेत जमिनीवर पडलेल्या पळसफुलांना बुद्धाच्या पाया पडणाऱ्या भिक्षूंची उपमा आहे. गाथेत जुन्नरचे नाव नाही; पण गुरुजी, मुलांना इथली बौद्ध लेणी दाखवायला न्याल तेव्हा ती जरूर सांगा. भगव्या रंगाचे निराळे वर्णन करावे लागणार नाही.

एक जपानी शब्द मात्र आपल्याला पेलायचा नाही. साकुरा फुललेला असताना आभाळ मळभट झाले, तर त्यालाही त्यांनी नाव दिले आहे, 'हानागुमोरी'. त्यात त्यांना शोभा दिसते. इथे पौष-माघात मोहोरावर ढग आले की तुडतुडे पडतात, भुरी येते, मोहोर काळा पडून गळतो. शेतकरी त्याला गोड नाव देत नाही. दारात उभा राहून "आभाळ आलं" एवढेच म्हणतो, आणि घरात सगळ्यांना समजते.