वाढदिवस राजाचा, मुहूर्त हवामानाचा
ॲमस्टरडॅमच्या कालव्यांत २७ एप्रिलला नारिंगी कपड्यांतल्या माणसांनी खच्चून भरलेल्या होड्या एकमेकींना घासत सरकतात. ठेंगणा पूल आला की नाचणारे पटकन माना खाली घालतात. निमित्त राजा विलेम-अलेक्झांडरचा वाढदिवस. पण हा सण दरबारापेक्षा उघड्यावर जमणाऱ्या गर्दीचा आहे, असं त्याच्या तारखाच सांगतात. १८८५ साली राजकन्या विल्हेल्मिनासाठी तो ३१ ऑगस्टला सुरू झाला, तिची मुलगी युलियाना गादीवर आल्यावर १९४९पासून ३० एप्रिलला आला. युलियानानंतर राणी झालेली तिची मुलगी बेआट्रिक्स मात्र ३१ जानेवारीची. त्या कडाक्यात रस्त्यावर येणार कोण? तिने आईचीच तारीख चालू ठेवली.

राजघराणं नको असलेलेही आहेतच की, असं कुणी म्हणेल. आहेत, ३० एप्रिल १९८० रोजी, बेआट्रिक्सच्या राज्यारोहणादिवशीच, घरटंचाईवरून याच शहरात दंगल पेटली. तरी सण टिकला, कारण सणाच्या दिवशी फुटपाथवर जुनी खेळणी विकायला राजनिष्ठा लागत नाही. सतराव्या शतकातल्या वारसा-कालव्यांत धिंगाणा कसला, हा आक्षेप तर मला लंगडाच वाटतो. हे कालवे गजबजाटासाठीच होते. काठावरच्या घरांच्या माथ्यावर, होडीतला माल वर ओढून घ्यायचे आकडे अजून लटकताहेत.